केबलवरची उपासना

आमच्या चर्चची उपासना केबलवर दाखवायची, ही कल्पना काकांची. काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत, पप्पांचे मित्र. दोघांचे आईबाप लवकर गेले आणि दोघे मिशनच्या बोर्डिंगात एका खोलीत वाढले. पुढे पप्पा रत्नागिरीच्या बंदर खात्यात कारकुनी करून निवृत्त झाले आणि काका एस.टी. स्टँडवर गाड्यांची घोषणा करून. काकांचा आवाज त्यामुळे कायमचाच मोठा झाला होता. आमच्या पडवीत बसून ते बोलू लागले की शेजारची बाई खिडकीतून विचारायची, आता कुठली गाडी सुटली म्हणून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी श्रावणात पप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली, पण बोललेलं समजायचं. डॉक्टर म्हणाले, माणूस जिद्दीचा आहे, चालवत राहा, सुधारतील. मग पप्पा रोज सकाळी पडवीच्या गजांना डाव्या हाताने धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय ओढत जाऊ लागले. मी ऑफिसला निघायच्या आधी त्यांच्यामागे उभी राहायची. मी तेव्हा एका शाळेत लिपिक होते आणि माझ्या अंगात धीर नावालाही नव्हता. "पप्पा, पाय उचला, लादी पुसू नका," असं मी ओरडायची. ते हसायचे. हसताना तोंड एका बाजूलाच जायचं, आणि मला रडू यायचं, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडायची.

ते सगळं चाललं होतं नाताळसाठी. "नाताळला मी माझ्या जागेवर बसणार," हे पप्पांनी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. पाळकसाहेबांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, दूध घालायला येणाऱ्या माणसालाही सांगितलं. त्या बिचाऱ्याला कुठली जागा ते काही कळलं नाही, पण तो म्हणाला, "बसाल हो, का नाय बसणार."

आमच्या चर्चमध्ये जागेला फार मान. चर्च जुनं, जांभ्या दगडाचं, वर कौलं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, आणि प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. ती कुणी नेमून दिलेली नसते, वर्षानुवर्षं बसून झालेली असते. माणूस आजारी पडला की ती जागा रिकामी ठेवायची. घरच्यांनी दर रविवारी येऊन त्या जागेवर त्याचा धुतलेला रुमाल पसरायचा, म्हणजे अनोळखी पाहुणासुद्धा तिथे बसत नाही. काका म्हणायचे, "मिशनरी लोकांनी आम्हांला सगळं शिकवलं, पण रुमाल टाकून जागा धरायची ती आम्ही एस.टी.कडून शिकलो." माणूस बरा होऊन आला की स्वतःच रुमाल उचलतो आणि बसतो. नाही आला, तर मातीनंतरच्या, म्हणजे दफनानंतरच्या रविवारी त्याच्या सगळ्यांत जवळच्या पुरुषाने तो रुमाल उचलायचा, त्या जागेवर बसायचं, आणि उपासनेनंतर रुमाल घरच्या बाईच्या हातात द्यायचा. याला आमच्यात जागा भरणं म्हणतात. त्या दिवसापासून ती जागा कुणाचीही.

पप्पांची जागा तिसऱ्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेला. आई दर रविवारी इस्त्रीचा पांढरा रुमाल घेऊन जायची, तो तिथे पसरायची आणि मग बायकांच्या बाजूला पेटीशी बसायची, कारण गाण्यांना पेटी तिचीच असे. मी पप्पांजवळ घरी राहायची. रविवारची सकाळ पप्पांना सर्वांत जड जायची. चर्चची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येते. ती वाजली की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि मी काही विचारलं तरी उत्तर द्यायचे नाहीत.

हे काकांनी एकदा पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात केबल शिरली. गावात तेव्हा केबलवाल्याचा स्वतःचा एक चॅनल होता. त्यावर नमन-खेळे दाखवायचे, उरूस दाखवायचे, गणपतीतल्या स्पर्धा आणि टेनिस बॉलचे क्रिकेट सामने दाखवायचे. केबलवाला काकांच्या ओळखीचा, स्टँडवर लहानाचा मोठा झालेला. तो म्हणाला, रविवारी संध्याकाळी पाचला माझ्याकडे दाखवायला काही नसतं. तुमची सकाळची प्रार्थना कॅसेटवर घेऊ आणि पाचला लावू. सगळ्या धर्मांचं दाखवतो, तुमचंच काय ते राहिलंय.

काकांनी चर्चच्या पंच कमिटीत विषय मांडला. ते स्वतः पंच होते. तिथे बरीच जुंपली. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, ज्या टीव्हीत उघड्या पाठीच्या बाया नाचतात, त्याच टीव्हीत प्रभुभोजन दाखवणार काय? पाळकसाहेब देशावरचे, तरुण आणि सरळ. त्यांना वाटलं, चार लोकांपर्यंत वचन पोचेल. दुसरे एक पंच म्हणाले, घरबसल्या दिसायला लागलं तर चर्चला येईल कोण? यावर काका उठून उभे राहिले. आईने मला नंतर सांगितलं की त्या दिवशी त्यांचा आवाज स्टँडवरच्यासारखा नव्हता. ते एवढंच म्हणाले, "माझा माणूस घरात भिंतीकडे तोंड करून पडलाय. त्याला दिसू दे. बाकी कुणी बघितलं नाय तरी चालेल." मग कुणी विरोध केला नाही.

दसऱ्याच्या सुमारास पहिली उपासना केबलवर आली. चित्रण करणारा मुलगा गावातली लग्नं काढायचा. चर्चमध्ये तो पहिल्यांदाच आला होता. पाळकसाहेब उपदेश करत असताना त्याने त्यांना गुलाबाच्या पाकळ्यांतून बाहेर काढलं, आणि पापाचं वेतन मरण हे वचन वाचलं जात असताना पडद्याच्या कोपऱ्यातून एक लाल बदाम फिरत आला आणि मोठा होत फुटला. खाली फर्निचरच्या सेलची पट्टी पळत होती. आई कपाळाला हात लावून बसली. मी पोट धरून हसत होते. काका दर मिनिटाला म्हणत होते, "ते पुढच्या वेळी काढायला सांगतो, ते काढायला सांगतो."

पप्पा मात्र हसले नाहीत. साडेचारलाच त्यांनी दाढी करून घेतली होती, पांढरा सदरा घातला होता, केस विंचरायला लावले होते. प्रार्थनेची वेळ आली तशी डाव्या हाताने खुर्चीचा हात धरून ते उठायला लागले. मी म्हटलं, "पप्पा, हे सकाळीच झालंय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून उभी राहिले. मग आई उभी राहिली, काकाही उभे राहिले, आणि पप्पांना दोन्हीकडून धरून आम्ही टीव्हीसमोर प्रभूची प्रार्थना म्हटली. बाहेरून आमच्याकडे पाहणाऱ्याला वेड्यांचं घर वाटलं असतं.

शेवटच्या गाण्याला कॅमेरा बाकांवरून हळूहळू फिरला आणि तिसऱ्या बाकाच्या कडेला थांबला. पांढरा रुमाल. कितीतरी वेळ थांबला. काकांनीच त्या मुलाला तसं सांगून ठेवलं होतं. पप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माझी जागा," ते म्हणाले. "बघ गो. आहे."

काका खूश होऊन आपल्या मांड्यांवर थापा मारत होते. खरं सांगायचं तर मला तोपर्यंत तो माणूस थोडा बडबड्याच वाटायचा. त्या संध्याकाळी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

त्यानंतर रविवार बदललाच. सकाळी घंटा वाजली तरी पप्पा भिंतीकडे वळत नसत. पाच वाजता काका न चुकता यायचे, दोघे शेजारी बसायचे, आणि पप्पा मोजके शब्द जुळवून शेरे मारायचे. अमुक झोपलाय, तमुक जाड झालाय, पाळकसाहेबांना कुणीतरी नवीन चप्पल घ्या. रुमाल आला की दोघे गप्प व्हायचे. सोमवारी सकाळी पप्पा पडवीत आणखी हट्टाने चालायचे. दिवाळीच्या सुटीपर्यंत ते गज सोडून काठीवर आले होते. अंगणाच्या पायरीवर एकदा पडले, गुडघा फुटला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. चर्चकडे चढणाऱ्या घाटीला पायऱ्या आहेत, त्यांचा सराव हवा म्हणून मला ती अंगणातली पायरी परत परत चढवायला लावायचे. मी ऑफिसला उशिरा जाऊन बोलणी खायची. डॉक्टर म्हणाले, नाताळला चर्चला जातील हे. आईने त्यांचा कोट उन्हात घातला.

पण केबलचं एक झालं, जे त्या दुसऱ्या पंचांनी आधीच बोलून दाखवलं होतं. लोक घरी बसू लागले. आधी म्हातारे, मग गुडघेदुखीवाले, मग ज्यांना काही दुखत नव्हतं तेही. सकाळी मासळी बाजार उरकून घ्यायचा आणि संध्याकाळी चहा घेत उपासना बघायची. नमस्कार-चमत्कार झाले की म्हणायचे, "अहो, आम्ही बघितली की पाचला!" बाक ओसाड पडायला लागले, आणि ते ओसाडपण टीव्हीत सगळ्या गावाला दिसायला लागलं. बाजारात आईला एक भाजीवाली म्हणाली, तुमच्यातली माणसं कमी झाली की काय? आईला ते फार लागलं. पंचांनाही लागलं असावं.

चित्रण करणाऱ्या मुलाने यावर लग्नातला उपाय काढला. लग्नाच्या हॉलमध्ये माणसं कमी असली की तो सगळ्यांना पुढे आणून बसवायचा, म्हणजे कॅमेऱ्यात हॉल भरलेला दिसतो. आगमनकाळातल्या एका रविवारी, म्हणजे नाताळ तोंडावर आलेला असताना, त्याने उपासना सुरू व्हायच्या आधी काकांना गाठलं. मागची माणसं पुढे घ्या म्हणाला. काकांनी घेतली. पुढचे बाक दाटीवाटीने भरले. मग तो म्हणाला, "काका, तिसऱ्या लायनीत कडेला एक जागा रिकामी राहते हो. सगळं भरलेलं नि तेवढंच मोकळं, फार वाईट दिसतं." काका त्याला म्हणाले, ती जागा आजारी माणसाची आहे, तिथे कुणी बसायचं नाही. मुलगा म्हणाला, "मग तुम्ही बसा. तुम्ही त्यांचेच ना?"

हे सगळं मला आईकडून आणि त्या मुलाकडून नंतर कळलं. काकांनी थोडा विचार केला म्हणे. आणि त्यांना वाटलं, दुसरं कुणी बसण्यापेक्षा मी बसलेला बरा. मित्र टीव्हीत बघेल तर त्याला त्याच्याच जागेवर मीच दिसेन, गंमत वाटेल त्याला. त्यांनी रुमाल उचलला, नीट घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि बसले. आईचं पेटीवर लक्ष. तिने पाहिलं तेव्हा पहिलं गाणं सुरू झालेलं होतं. काय करणार होती ती? सूर सोडून उठणार होती?

तिने घरी येऊन काही सांगितलं नाही. पाच वाजायच्या आधी म्हणाली, आज टीव्हीत मुंग्या येतायत, राहू दे. मी पाहिलं तर चित्र लख्ख होतं, आणि मी ते मोठ्याने सांगितलंही. तेवढ्यात काका आले, आज नेहमीपेक्षा जास्त उत्साहात. पप्पांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले. "आज बघ," म्हणाले, "आज तुला एक मजा दाखवतो."

गाणं लागलं. पाकळ्या आणि बदाम एव्हाना बंद झाले होते. समोरून घेतलेलं पुरुषांच्या बाजूचं दृश्य आलं. बाक भरगच्च. पप्पा पुढे झुकले, ते नेहमी झुकायचे तसे. कॅमेरा पहिल्या बाकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आला. आणि कडेला, जिथे रुमाल असायचा तिथे, काका बसलेले. ताठ, मान वर, गाण्याचं पुस्तक दोन्ही हातांत.

"बघितलास काय?" काका म्हणाले. "मी!"

पप्पा तसेच पुढे झुकून राहिले. काकांना वाटलं, त्यांना ओळखता आलं नाही. "अरे मी, मी बसलोय तुझ्या जागेवर. दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाय." आणि मग त्यांना खिशातल्या रुमालाची आठवण झाली. तो त्यांनी काढला, आणि आई शेजारीच उभी होती, तिच्यापुढे धरला. "वहिनी, हा घ्या. सकाळी द्यायचा राहिला."

आईने हात पुढे केला नाही. ती त्या रुमालाकडे बघत राहिली. काकांचा हात तसाच पुढे. टीव्हीत गाणं चालू होतं, आईच्याच पेटीचं. मला तोपर्यंत कळलं नव्हतं असं नाही, पण ही जागा भरणंच झालं, हे पुरतं कळलं त्या क्षणी. मी उठले आणि काकांच्या हातातून रुमाल हिसकावून घेतला. काय बोलले ते मला आठवत नाही, बरं बोलले नसणार. काकांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या हाताकडे. आपण काय केलं ते त्यांना कळायला लागलं. चांगले उंचेपुरे गृहस्थ, पण खुर्चीतच एवढेसे झाले.

पप्पांनी डावा हात उचलून काकांच्या गुडघ्यावर ठेवला. "बरा दिसतोस," म्हणाले. मग मला म्हणाले, "चहा टाक गो काकांना."

सोमवारी सकाळी मी पडवीत उभी राहिले. पप्पा आले नाहीत. आत जाऊन पाहिलं तर पडून होते, जागे. म्हणाले, "पाय दुखतोय." मंगळवारी कंबर दुखत होती. बुधवारी मी काठी त्यांच्या हातात कोंबली आणि भांडले. त्यांनी काठी घेतली, दोन पावलं टाकली, आणि परत येऊन बसले. "झालं ना?" म्हणाले. त्यात राग असता तर मला जास्त बरं वाटलं असतं. शाळेत हजेरी घेताना एखादं मूल नुसता हात वर करतं ना, तसं होतं ते.

काका त्या आठवड्यात रोज आले. पहिल्याच दिवशी दारातूनच म्हणाले, "अरे, माझं चुकलं रे. मला त्याचं भानच राहिलं नाय. त्या कॅमेऱ्याच्या नादात..." पप्पा म्हणाले, "त्यात काय. जागा रिकामी दिसत होती ना?" काका म्हणाले, मी कमिटीत माफी मागतो, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर मागतो. पप्पा म्हणाले, असलं काही करू नकोस, लोक हसतील. एवढंच बोलणं. पुढे काका बोलत राहिले आणि पप्पा मान हलवत राहिले.

पुढच्या रविवारी रुमाल पुन्हा जागेवर गेला. चित्रणाच्या मुलाला सगळ्यांनी दम दिलेला, त्यामुळे त्या बिचाऱ्याने इतकी काळजी घेतली की तिसरा बाक दाखवायचाच टाळला. पहिला, दुसरा आणि एकदम चौथा. पप्पांच्या ते लक्षात आलं हे मला दिसलं, आणि मला त्या मुलाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. काहीही केलं तरी चुकतच होतं. पप्पा आता दाढी न करता बसायचे. प्रार्थनेला उठत नसत. पण टीव्ही लावायला मात्र सांगायचे, दर रविवारी, पाचला पाच कमी असताना.

नाताळच्या सकाळी काका रिक्षा घेऊन आले. सोबत तरुण मंडळातली चार मुलं आणि एक वेताची खुर्ची, घाटीच्या पायऱ्यांवरून उचलून न्यायला. पप्पांना आम्ही आंघोळ घातली होती. आईने कोट काढून ठेवला होता. काका आत आले, गुडघ्यांवर बसून पप्पांचे बूट घालू लागले. एक बूट घालून झाला. दुसऱ्याच्या वेळी पप्पांनी पाय मागे घेतला. "नको रे," म्हणाले. "थंडी वाजतेय." रत्नागिरीत डिसेंबरात काय थंडी असते हे काकांना ठाऊक होतं. ते तसेच बसून राहिले, हातात बूट धरून. मुलं दारात एकमेकांकडे बघत होती. शेवटी आई म्हणाली, तुम्ही निघा, पहिली घंटा झाली. तिलाही जावं लागलं, कारण पेटी तिची. मी पप्पांचा घातलेला बूट काढला. संध्याकाळी पाचला आम्ही नाताळची उपासना बघितली.

त्यानंतर दोन महिने गेले असतील. आंब्याला मोहोर आलेला, अंगणात त्याचा वास भरलेला, आणि मी रविवारी दुपारी पप्पांची नखं काढत बसले होते. आई शेजारी गेली होती. मी पुष्कळ दिवस मनात साचवलेलं एकदम बोलले. म्हटलं, "तुम्हांला काकांचा राग आलाय तर त्यांना चार शिव्या द्या, पण असं करू नका. ते झिजून चाललेत. आणि तुम्हीही."

पप्पांनी हात सोडवून घेतला नाही. बराच वेळ शब्द जुळवत होते.

"राग नाय गो," म्हणाले. "ओळ छान दिसत होती."

मला वाटलं, संपलं. मी पुढचं बोट धरलं. तेव्हा ते पुन्हा बोलले, सावकाश, एकेक शब्द करत. "जन्मभर तिथे बसलो. समोरून कधी बघितली नव्हती. पाळकच बघतो समोरून." थांबले. "मी नव्हतो, तरी काय पण कमी दिसत नव्हतं."

मी म्हटलं, असं काय बोलता पप्पा, तुमच्याशिवाय कसं? आपण अशा वेळी जे म्हणतो ते सगळं म्हटलं. ते हसले, ते एका बाजूचं हसू. मग म्हणाले, "करंगळीचं राहिलं." मी करंगळीचं नख काढलं. चर्च माणसाला जागा देतं, आणि ती जागा तो गेल्यावर भरतं, हे चांगलंच आहे, असंच असायला हवं. पण माणसाने ते जिवंतपणी खुर्चीत बसून बघावं, हे कुणी ठरवलं होतं? देवाने नक्कीच नाही. आमच्याच प्रेमाच्या माणसाने ते त्याला दाखवलं, प्रेमापोटी.

दुसरा झटका ऐन उन्हाळ्यात आला आणि त्यातून पप्पा उठले नाहीत. शेवटी दोन दिवस बोलणं नव्हतं. काका दोन्ही दिवस उशाशी बसून होते, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी मोठ्याने एक शब्द काढला नाही.

मातीला चर्च भरलं. घरी बसणारे सगळे आले, गुडघेदुखीवाले आले, बंदरातले जुने लोक आले, केबलवाला आला आणि त्याचा तो मुलगाही आला. त्याने कॅमेरा आणला नव्हता. पप्पा चर्चमध्ये गेले ते असे, सहा जणांच्या खांद्यांवर. मी पहिल्या बाकावर आईजवळ होते आणि मला सारखं वाटत होतं की यांना उठवून दाखवावं, बघा, किती माणसं आलीत.

कबरस्तानातून परतताना फाटकाशी काकांनी मला थांबवलं. ऊन कडक होतं. आई पाच पावलं पुढे बायकांबरोबर. काकांचे बूट लाल मातीने भरले होते. ते म्हणाले, "एक विचारू गो? खरं सांगशील?" मग तेच पुढे म्हणाले, "त्या बसण्याबद्दल तो कधी तुझ्याशी बोलला काय? माझ्याशी नाय बोलला. मी किती वेळा काढलं, तो विषय बदलायचा."

मी नाही म्हणणार होते. ओठांवर आलंच होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की नाही म्हटलं तर हा माणूस असं समजेल की पप्पा मनात राग धरून गेले. आणि सगळं खरं सांगितलं तर याहून वाईट होईल.

"बोलले होते," मी म्हटलं.

काकांनी फाटकाचा गज धरला.

"ओळ छान दिसत होती, म्हणाले."

"असं म्हणाला?"

"हो. राग नाय गो, ओळ छान दिसत होती, असं म्हणाले."

मग त्यांना रडू फुटलं. इतके महिने कोंडलेलं ते रडणं होतं. रडता रडताच ते पुढे धावले आणि आईला गाठून म्हणाले, "वहिनी, ऐकलंत काय? छान दिसत होती म्हणाला तो. राग नव्हता त्याला." त्यांचा तो स्टँडवरचा आवाज पहिल्यांदा परत आला. कबरस्तानाच्या रस्त्यावरचे सगळे लोक वळून बघू लागले. काकांनी ते पाळकसाहेबांना सांगितलं, केबलवाल्याला सांगितलं, आणि त्या चित्रण करणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्यालाही सांगितलं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिला बहुतेक काहीतरी कळलं, पण तिने विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी केबल एका मोठ्या कंपनीने घेतली. गावचा चॅनल बंद पडला आणि त्याबरोबर आमची उपासनाही. आता टीव्हीवर ख्रिस्ती चॅनल आहेत, मोठमोठी मैदानं, दिवे, कोट घातलेले उपदेशक, आणि समोर नजर पोचणार नाही इतकी माणसं. काका तेच बघत बसायचे, ऐकू कमी येऊ लागल्यामुळे आवाज पूर्ण वाढवून. मी भेटायला गेले की टीव्ही बंद करायचे आणि म्हणायचे, "तो काय म्हणाला होता ते सांग ना परत." मी सांगायची, राग नाय गो, ओळ छान दिसत होती. ते डोळे मिटून ऐकायचे आणि विचारायचे, "आणि पुढे?"

"पुढे काही नाही," मी म्हणायची. "एवढंच."